पस्तिशीतला सीए आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग: सांगलीतून जायचं तर कुठल्या वाटेनं

प्रश्न थोडक्यात असा: "बारावीनंतर वडिलांच्या बेदाण्याच्या अडत दुकानात काही वर्षं काढली. बी.कॉम. बाहेरून केलं, तेही सत्ताविसाव्या वर्षी. सीए फायनल बऱ्याच प्रयत्नांनंतर तेहतिसाव्या वर्षी सुटली. सध्या सांगलीतल्या एका फर्ममध्ये ऑडिट, टॅक्स आणि बँक कर्जाच्या फायली करतो. वय ३५, पदरात एक मूल. मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं आहे. तीन परदेशी बँकांत ॲनालिस्टसाठी अर्ज केले, उत्तर आलं नाही. एमबीए करू की सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा)? की आता वय गेलं?"

वय गेलेलं नाही. पण त्या तीन अर्जांसारखा चौथा अर्ज करू नका. मोठ्या बँकांतल्या ॲनालिस्टच्या जागा बहुतेक कॅम्पसवरूनच भरतात. घेतलेली मुलं बावीस ते पंचविशीची असतात, आणि सीए घ्यायचाच झाला तर पहिल्या प्रयत्नात पास झाला का, रँक होती का, ही चाळणी आधी लागते. तुमचा अर्ज कुणी वाचण्याआधीच बाजूला पडतो. त्याचा तुमच्या कुवतीशी संबंध नाही. ती जागा पहिल्यांदाच नोकरी करणाऱ्यासाठी आखलेली आहे, आणि तुम्ही अडतीपासून ऑडिटपर्यंत बरंच काही करून आलेले आहात.

मी स्वतः सांगलीतल्या एका सीए फर्ममधून मुंबईत मर्चंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांचे पब्लिक इश्यू हाताळण्याच्या कामात, गेले आणि गेली बरीच वर्षं सांगली, सातारा, कोल्हापूर पट्ट्यातल्या कंपन्यांची भांडवल उभारणी आणि विक्रीचे व्यवहार करते. उशिरा येऊन या धंद्यात टिकलेले लोक मी जवळून पाहिलेत. त्यांच्यातल्या कुणीही अकाउंटिंग मागं टाकून आलेलं नाही. व्यवहाराच्या ज्या टप्प्यावर हिशेब कळणाऱ्या माणसावाचून पुढं सरकताच येत नाही, त्या टप्प्यावर ते शिरले आणि तिथून हळूहळू व्यवहाराच्या मध्यभागी पोचले. तुमच्यासाठीही हीच वाट आहे, आणि ती कमीपणाची मुळीच नाही.

आधी हे काम, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणं आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार घडवणं, काय असतं ते नीट पाहू, कारण बाहेरून फक्त पिच, मीटिंग आणि मोठे आकडे दिसतात. एखादी कंपनी विकायची असते तेव्हा आधी नाव न सांगता दोन पानी टीझर जातो. गोपनीयतेचा करार झाला की सविस्तर इन्फर्मेशन मेमोरँडम जातं. मग प्राथमिक ऑफर येतात, डेटा रूम उघडते (कंपनीचे कागद खरेदीदाराला पाहायला मिळतात), ड्यू डिलिजन्स म्हणजे कसून तपासणी होते, शेवटी शेअर खरेदीचा करार आणि पैसे. पब्लिक इश्यू (लोकांना शेअर विकून भांडवल उभारणं) असेल तर सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर लागतोच. त्यांचे नियम १९९२ पासूनचे आहेत आणि इश्यूचे सध्याचे नियम २०१८ चे. या सगळ्या साखळीत ओळखी, सादरीकरण, वाटाघाटी जितक्या आहेत त्याहून जास्त तास एका गोष्टीत जातात: कंपनीचे आकडे खरे किती, टिकणारे किती आणि त्यातून किंमत किती. हा प्रश्न तुमच्या रोजच्या कामाच्या अगदी शेजारी राहतो.

म्हणून पहिली वाट फायनान्शियल ड्यू डिलिजन्सची. मोठ्या सल्लागार फर्म्समध्ये यासाठी स्वतंत्र विभाग असतात, मध्यम सीए फर्म्सही हे काम घेतात, आणि इथं पस्तिशीचा सीए विचित्र वाटत नाही. एक उदाहरण घेते. आकडे माझ्या मनचे आहेत, पण प्रकार रोजचा आहे.

समजा कुपवाड एमआयडीसीतली हळद पावडरची एक कंपनी विकायची आहे. मालक म्हणतात, वर्षाचा एबिटा (व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा) ६ कोटी, सातपट भाव धरा, कंपनीची किंमत ४२ कोटी. तुम्ही लेजर उघडता. इतर उत्पन्नात ४० लाख विम्याच्या दाव्याचे आहेत. ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. गोडाऊन मालकांच्या भावाचं आहे आणि भाडं शून्य. तेवढी जागा बाहेर घ्यायला वर्षाला ३६ लाख लागतील. मुलगा सगळी विक्री सांभाळतो पण पगार उचलत नाही; त्याच्या जागी माणूस ठेवायचा तर ३० लाख. उलट बाजूला घरच्या गाड्या आणि सहली मिळून १६ लाख कंपनीच्या खर्चात टाकलेत. नव्या मालकाला तो खर्च नाही, म्हणून तो परत मिळवायचा, आणि त्यावरचा आयकराचा धोका वेगळा टिपून ठेवायचा. ६ कोटींतून ४०, ३६ आणि ३० लाख गेले, १६ लाख आले. उरले ५ कोटी १० लाख. सातपट केले की ३५ कोटी ७० लाख. म्हणजे ६ कोटी ३० लाखांचा फरक फक्त चार लेजर नोंदींनी पाडला. वाटाघाटीच्या टेबलावर इतका वजनदार मुद्दा दुसरा कुणी आणत नाही.

आणि यात अजून हळदीच्या भावाचा हिशेब आलेलाच नाही. २०२३ मध्ये हळदीचे भाव झपाट्यानं चढले तेव्हा ज्यांच्याकडे आधी भरलेला माल होता त्यांचा नफा देखणा दिसला. त्यातला धंद्याचा नफा किती आणि गोडाऊनमध्ये पडून राहिलेल्या मालाचा किती, हे वेगळं करून दाखवणं म्हणजे खरा ड्यू डिलिजन्स. तुम्ही अडत दुकानात वाढलात. बेदाणा कोल्ड स्टोरेजला कधी जातो, पावती कुणाच्या नावावर असते, एकाच मालावर दोन ठिकाणी उचल कशी घेतली जाते, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागणार नाही. मुंबईतल्या हुशार पोरालाही ते शिकायला दोन हंगाम जातात.

याहून मोठी लढाई खेळत्या भांडवलावर होते. सांगली बाजारात नवी हळद साधारण फेब्रुवारी ते मे या काळात येते. त्या महिन्यांत कंपनी माल भरते आणि सीसी (कॅश क्रेडिट) खातं लिमिटला टेकतं. डिसेंबर-जानेवारीत गोडाऊन रिकामं आणि कर्ज कमी. व्यवहार जानेवारीत पूर्ण झाला तर ताळेबंद हलका दिसतो आणि मालक पूर्ण किंमत मागतात. पण खरेदीदाराला पुढच्याच महिन्यात माल भरायला खिशातून पैसे घालावे लागतात. म्हणून किमान बारा, शक्य तर चोवीस महिन्यांची महिनावार सरासरी काढून खेळत्या भांडवलाची नेहमीची पातळी ठरवतात, आणि व्यवहाराच्या दिवशी प्रत्यक्ष आकडा त्याखाली असेल तर किंमत तेवढी कमी होते. साखर कारखान्याचं चित्र वेगळं. ३१ मार्चला हंगाम सरत आलेला असतो, साखरेचा साठा आणि त्यावरचं मालतारण कर्ज शिखराजवळ असतं, उसाची देणी बाकी असतात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी (उसाचा कायद्यानं ठरलेला किमान भाव) १४ दिवसांत द्यायची असते, म्हणून त्याहून जुनी थकबाकी मी साध्या देण्यांत धरत नाही, कर्जातच धरते. यावर समोरच्या बाजूशी वाद होतो, व्हायलाच हवा. तो वाद घालता येणं हीच तुमची किंमत.

दुसरी वाट एसएमई आयपीओची, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांच्या पहिल्या पब्लिक इश्यूची. आपल्या भागातल्या माणसासाठी मला ही सर्वांत जवळची वाटते, आणि सर्वांत जास्त काळजी घेण्यासारखीही.

बीएसई आणि एनएसई यांनी छोट्या कंपन्यांसाठी वेगळे मंच २०१२ मध्ये सुरू केले. इश्यूनंतर भरणा भांडवल २५ कोटींपर्यंत असेल तर कंपनी तिथं येऊ शकते. मुख्य बाजारात नफ्याच्या निकषावर यायचं तर मागच्या तीन वर्षांचा सरासरी कार्यकारी नफा १५ कोटी लागतो. मिरज, कुपवाड, पलूसमधल्या फार थोड्या कंपन्या तिथवर पोचतात. एसएमईसाठी सेबीनं २०२५ मध्ये नियम कडक केले: मागच्या तीनपैकी दोन वर्षं किमान १ कोटीचा कार्यकारी नफा, जुन्या भागधारकांची विक्री इश्यूच्या २० टक्क्यांपर्यंतच, आणि 'सर्वसाधारण कामांसाठी' म्हणून ठेवायची रक्कम इश्यूच्या १५ टक्के किंवा १० कोटी, यातली जी कमी असेल ती. हे सगळं चांगल्यासाठी झालं.

यात मर्चंट बँकर फक्त कागद पुढं सरकवत नाही. एसएमई इश्यू १०० टक्के अंडरराइट करावा लागतो (न विकलेले शेअर स्वतः घेण्याची हमी द्यावी लागते) आणि त्यातला किमान १५ टक्के भाग मर्चंट बँकरनं स्वतःच्या अंगावर घ्यायचा असतो. शेअर सूचीबद्ध झाल्यावर तीन वर्षं मार्केट मेकिंगची (शेअरला सतत खरेदी-विक्रीचे भाव देत राहण्याची) व्यवस्थाही त्यालाच पाहावी लागते. स्वतःचे पैसे अडकतात म्हणून लहान मर्चंट बँकरला वह्या वाचणारा माणूस हवाच असतो. मुंबईत, पुण्यात, अहमदाबादेत अशा संस्था आहेत जिथं पाच-दहा माणसं सगळं काम करतात. तिथं तुमचे प्रयत्न किती झाले हे फारसं कुणी विचारत नाही. तीन वर्षांचे रीस्टेटेड हिशेब ऑडिटरकडून वेळेत निघतील का, हे विचारतात.

काम कसं असतं सांगते. तीन वर्षांचे हिशेब एकाच धोरणावर पुन्हा मांडायचे. ज्या ऑडिटरकडे सीएंच्या संस्थेचं, आयसीएआयचं, पीअर रिव्ह्यू (कामाच्या दर्जाच्या तपासणीचं) प्रमाणपत्र आहे त्याचीच सही चालते. मग जीएसटी रिटर्नमधली उलाढाल, वह्यांतली उलाढाल आणि आयकर विवरणातली उलाढाल जुळवायची. कंपनी निबंधकाकडे उशिरा भरलेले फॉर्म शोधायचे. प्रवर्तकांचे संबंधित व्यवहार, प्रलंबित दावे, ईपीएफची थकबाकी, सगळं. आपल्याकडं हमखास अडणारी एक गोष्ट म्हणजे प्रवर्तकांच्या मार्कशीट. शिक्षण आणि अनुभव यांचा कागदोपत्री पुरावा लागतो, आणि तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाकडं तो नसतो. मग विद्यापीठाला पत्र लिहायचं, तरी मिळाला नाही तर तसं जोखमींच्या प्रकरणात स्पष्ट छापायचं. खेळत्या भांडवलासाठी पैसे उभारायचे असतील तर गरज महिने आणि दिवसांच्या हिशेबानं सिद्ध करावी लागते. सीसी लिमिटसाठी तुम्ही हे वर्षानुवर्षं करत आलात.

शिवाय आपल्या भागातले निम्मे चांगले धंदे अजून प्रोप्रायटरी किंवा भागीदारीत आहेत. त्यातल्या भागीदारी संस्थांना कंपनी करायचं तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३६६ ची वाट आहे, आणि भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून आयकराच्या अटी पाळाव्या लागतात: सगळे भागीदार भागधारक व्हायला हवेत, तेही आपापल्या भांडवलाच्या प्रमाणात, आणि मिळून किमान ५० टक्के मतांचा हक्क त्यांच्याकडं पाच वर्षं राहायला हवा. चुलतभावांत धंदा असेल तर ही पाच वर्षांची अट घरात बसून समजावून सांगावी लागते. तिथं सांगलीचा माणूस लागतो. ज्या घरात वडील अजून रोज गल्ल्यावर बसतात, तिथं मुंबईहून आलेल्या प्रेझेंटेशननं काही हलत नाही.

आता काळजीची गोष्ट. या क्षेत्रात असेही लोक आहेत जे तुम्हाला घेतील ते तुमच्या सहीसाठी आणि ओळखींसाठी. इश्यूच्या आदल्या वर्षी विक्री एकदम दुप्पट, नफा तिप्पट, पण येणी फुगलेली आणि धंद्यातून आलेली रोकड उणे. खरेदीदार आणि पुरवठादार यांचे पत्ते एकाच इमारतीतले. माल कागदावर फिरतो पण वाहतुकीचा खर्च वाढलेला नाही. हे दिसलं आणि वरिष्ठ म्हणाले की 'एवढं चालतं', तर त्या दिवशी तिथून निघा. तुमचं सीएचं सदस्यत्व मिळवायला तुम्ही आयुष्याची किती वर्षं दिलीत ते तुम्हाला माहीत आहे. आणि अशा इश्यूत पैसे घालणारा शेवटचा माणूस बहुतेकदा आपल्यासारख्याच गावातला असतो, निवृत्तीचे पैसे घेऊन आलेला. मुलाखतीतच विचारून घ्या की गेल्या वर्षभरात तुम्ही किती मँडेट (इश्यूची कामं) नाकारले आणि का. ज्यांना याचं उत्तर देता येत नाही त्यांच्याकडं जाऊ नका.

तिसरी वाट व्हॅल्युएशनची. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली रजिस्टर्ड व्हॅल्युअर लागतो. सीए झाल्यावर तीन वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त संस्थेचा ५० तासांचा अभ्यासक्रम आणि आयबीबीआयची (नादारी आणि दिवाळखोरी मंडळाची) परीक्षा, इतकं करून 'सिक्युरिटीज किंवा फायनान्शियल ॲसेट्स' या वर्गात नोंदणी मिळते. तुमची तीन वर्षं अजून भरायची आहेत, पण तयारी आत्ताच सुरू करा. हे काम सांगलीत बसूनही होतं, आणि किंमत ठरवण्याची सवय लागते.

चौथी, कंपनीच्या बाजूनं जाण्याची: भांडवल उभारायच्या तयारीत असलेल्या कंपनीत फायनान्स प्रमुख म्हणून जायचं आणि एक व्यवहार आतून पार पाडायचा. मुंबई जमतच नसेल तर ही घ्या. बँकर, वकील, ऑडिटर सगळे तुमच्याकडं कागद मागायला येतात आणि ओळखी होतात.

परीक्षांबद्दल तुम्ही थेट विचारलंय, तर थेट सांगते. दोन वर्षांचा पूर्णवेळ एमबीए आता करू नका. पहिल्या फळीतली संस्था नसेल तर त्यानं या क्षेत्राचं दार उघडत नाही, आणि दोन वर्षांचा पगार जातो तो वेगळाच. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्ससारखे एका वर्षाचे कार्यक्रम अनुभवी लोकांसाठीच असतात, चार वर्षांचा अनुभव मागतात. पण त्यांची फी आणि तुमच्या घरची जबाबदारी एकत्र मांडून बघा. सीएफए चांगली परीक्षा आहे, तीन टप्प्यांची आहे, इक्विटी रिसर्च किंवा फंड मॅनेजमेंटला जायचं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण तुम्ही नुकतेच एका लांबलचक परीक्षेतून बाहेर आला आहात. आणखी तीन टप्पे म्हणजे खरं काम पुन्हा पुढं ढकलणं. त्याऐवजी एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) नववी मालिका, मर्चंट बँकिंगची परीक्षा द्या. दीड-दोन महिन्यांच्या अभ्यासात होते, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, आणि छोट्या मर्चंट बँकरला तुम्ही नियम वाचून आलाय हे कळतं. तिच्यामुळं नोकरी मिळत नाही. फोन उचलला जातो.

खरी कमतरता मॉडेलिंगची, म्हणजे कंपनीचे पुढचे आकडे एक्सेलमध्ये मांडण्याची, आहे, आणि ती घरी बसून भरून निघते. तुम्ही बँकांसाठी सीएमए डेटा (कर्जासाठीचे अंदाजित आकडे) करता ना? तिथं आपण सगळे काय करतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. हवी असलेली लिमिट आधी ठरते, नायक समितीच्या पद्धतीनं अपेक्षित उलाढालीचे २० टक्के बँकेकडून बसायला हवेत, मग त्यावरून उलाढाल मागं नेली जाते. इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या मॉडेलमध्ये हा क्रम मोडावा लागतो. आधी किती टन, काय भाव, किती उतारा, त्यातून विक्री, त्यातून खेळतं भांडवल, त्यातून कर्ज, त्यातून व्याज, आणि तिन्ही पत्रकं एकमेकांना बांधलेली, ताळेबंद आपोआप जुळणारा. एकही आकडा हातानं टाकलेला नसावा, गृहीतकांचं पान सोडून. माझ्या अनुभवात सीए लोकांना सर्वांत अवघड जातं ते हेच. आपल्याला झालेलं तपासायची सवय असते. इथं व्हायचं असलेल्याबद्दल मत द्यावं लागतं, आणि ते मत चुकू शकतं हे माहीत असून द्यावं लागतं.

सरावाला किर्लोस्कर ब्रदर्स घ्या. किर्लोस्करवाडी आपल्या उंबऱ्यावर आहे, कंपनी सूचीबद्ध आहे, वार्षिक अहवाल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पाच वर्षांचे आकडे कोऱ्या एक्सेलमध्ये स्वतः टाका, पुढच्या पाच वर्षांचं मॉडेल करा, डीसीएफनं (पुढे येणाऱ्या रोकडीचं आजचं मोल काढून) आणि तुलनेतल्या पंप कंपन्यांच्या पटीनं किंमत काढा, आणि बाजारभावाशी फरक का पडला यावर दोन पानं लिहा. पहिल्यांदा महिना जाईल.

व्यवहार समजून घ्यायला जुने व्यवहार वाचा, आणि आपल्या दारातले दोन आधी वाचा. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले आणि लगेच पुढच्या महिन्यात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. भागधारकांना एका शेअरमागं २८ रुपये रोख मिळाले. २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली, तिथं रोख नव्हती: सांगली बँकेच्या ९२५ शेअरमागं आयसीआयसीआयचे १०० शेअर. पहिल्यात भागधारकाचा संबंध त्या दिवशी संपला, दुसऱ्यात तो नव्या बँकेच्या भवितव्याला बांधला गेला. का एकीकडं रोख आणि एकीकडं शेअर? कुणाला किती घाई होती? घेणाऱ्याला कर्जखाती हवी होती की पश्चिम महाराष्ट्रातल्या शाखा आणि ठेवी? तुमच्या फर्ममधल्या एखाद्या जुन्या पार्टनरला विचारा. त्या दिवसांत इथल्या घराघरांत या बँकांचे शेअर होते. किंमत फक्त ताळेबंदातून ठरत नाही, विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची गरज त्यात शिरते, हे या दोन उदाहरणांतून जितकं नीट कळतं तितकं कुठल्या वर्गात कळणार नाही.

मुलाखतीत एक जुना प्रश्न हमखास येतो: घसारा १० रुपयांनी वाढला तर तिन्ही पत्रकांत काय होतं? पाठ केलेलं उत्तर असं, की कर २५ टक्के धरला तर नफा साडेसात रुपयांनी घटतो, कर वाचल्यामुळं रोकड अडीचनं वाढते, स्थिर मालमत्ता दहानं घटते, ताळेबंद दोन्हीकडं साडेसातनं खाली जुळतो. तुम्ही हे सांगा आणि मग पुढं जा: भारतात पुस्तकी घसारा आणि आयकराचा घसारा वेगळे, त्यामुळं फक्त पुस्तकी घसारा वाढला तर प्रत्यक्ष भरायचा कर बदलत नाही, रोकड जागची हलत नाही, अडीच रुपये स्थगित कर मालमत्तेच्या (डिफर्ड टॅक्स ॲसेट) खात्यात जातात, आणि ताळेबंद तरीही साडेसातनंच खाली जुळतो. समोरचा माणूस मान वर करून बघेल. पंचविशीतल्या उमेदवाराला सहसा हे सुचत नाही.

वयाचा प्रश्न ते तोंडावर विचारणार नाहीत, पण त्यांच्या मनात तो असतो, आणि तो असा: हा माणूस आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असलेल्या वरिष्ठाचं ऐकेल का? रात्री एक वाजता स्लाइडमधला टक्का बदलायला सांगितला तर कुरकुर करेल का? म्हणून तुम्हीच विषय काढा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टॅक्स ऑडिटला तुम्ही किती वाजेपर्यंत बसता ते सांगा. आर्टिकलशिपला तुमचे सीनियर तुमच्याहून लहान होते हे सांगा. बेदाण्याच्या दुकानातली वर्षं रिझ्युमेतून गाळू नका. अनेकजण अशी वर्षं लपवतात आणि मग तारखांत पोकळी दिसते. 'शेतमाल व्यापार, खरेदी, उधारी वसुली' असं सरळ लिहा. कृषिप्रक्रिया उद्योगांवर काम करणाऱ्या बँकरला हा माणूस भेटावा अशीच इच्छा असते.

घराचं बोलायला हवं, कारण पत्रात ते एका ओळीत उरकलंय. पहिली दोन वर्षं पगार आजच्यापेक्षा फार वाढणार नाही, मुंबईचं भाडं गेल्यावर हातात कमीच उरेल. वेळेचा भरवसा नाही. इश्यू उघडायच्या आधीचे पंधरा दिवस घर दिसत नाही. पहिले सहा महिने एकटं जावं, शनिवारी जमलं तर महालक्ष्मीनं यावं, आणि काम मानवतंय असं दिसल्यावर घर हलवावं, असं मी सुचवेन. बायकोला हे सगळं आधी सांगा, आकड्यांसह. आईवडिलांच्या आजारपणाला कोण धावेल ते ठरवा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

नोकरी शोधायची पद्धतही बदला. पोर्टलवर अर्ज टाकत बसू नका. गेल्या वर्षभरातले कृषिप्रक्रिया किंवा इंजिनिअरिंग कंपन्यांचे तीन एसएमई प्रॉस्पेक्टस घ्या. मुखपृष्ठावर लीड मॅनेजरचं नाव आणि संपर्क अधिकारी छापलेला असतो. प्रॉस्पेक्टस पूर्ण वाचा, विशेषतः जोखमी, संबंधित व्यवहार आणि खेळत्या भांडवलाचं समर्थन. मग त्या अधिकाऱ्याला एक पानाचं पत्र लिहा: तुमच्या या इश्यूत येण्याचे दिवस अमुक धरलेत, या धंद्यात हंगामामुळं ते असे बदलतात, मी सांगलीत हे काम रोज करतो, आणि माझ्या माहितीत इश्यूला योग्य होऊ शकतील अशा कंपन्या आहेत. एक खबरदारी मात्र घ्या. तुमच्या फर्मच्या क्लायंटची नावं किंवा आकडे त्यात चुकूनही जाता कामा नयेत. गोपनीयता मोडून मिळवलेली पहिली मुलाखत शेवटचीच ठरते, आणि व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते ती वेगळीच.

वेळेचं म्हणाल तर एनआयएसएम आणि मॉडेल या पावसाळ्यात उरका, पत्रं दिवाळीनंतर लिहा, आणि नोकरी मिळाली तरी एप्रिलमधलं बँक ऑडिट संपेपर्यंत सध्याच्या फर्ममध्ये थांबा. पार्टनरना हंगामाच्या तोंडावर अडचणीत टाकू नका, फायली नीट हवाली करा. दोन-तीन वर्षांनी तुम्ही इश्यूसाठी कंपन्या शोधत सांगलीत याल तेव्हा पहिला फोन त्यांनाच करणार आहात.